द्राक्षं खाणारा गणपती

“या लाकडाला ओलं काही लागू द्यायचं नाही. फक्त कोरडं फडकं.”

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ एबर्लेंनी किल्ल्या देतानाच हे सांगितलं होतं, बोट वर करून, दोनदा. शमिकाने “या, या” असा जर्मन होकार देत मान डोलावली होती आणि म्हातारीची पाठ वळताच नाक मुरडलं होतं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, जिन्यात बूट वाजवायचे नाहीत, लाकूड ओलं करायचं नाही. इथे माणसांपेक्षा वस्तूंचे लाड जास्त, असं ती नवऱ्याला, हृषिकेशला, म्हणालीही होती.

आज ती खुर्चीवर चढून त्याच लाकडावर प्लास्टिकचा दुधी कागद ताणत होती. चिकटपट्टी दातांनी तोडायची, अंगठ्याने दाबायची, खुर्ची पुढे सरकवायची. दीड वर्षाची वल्लरी स्वयंपाकघराच्या दारातल्या जाळीच्या फाटकापलीकडे उभी राहून आईकडे बघत होती. रडत नव्हती. गेला महिनाभर जी पोर कशानेही रडायची, ती आज गप्प होती, आणि त्याचीही शमिकाला भीती वाटत होती.

भिंती संपत नव्हत्या. दिवाणखाना चारही बाजूंनी छतापर्यंत कोरलेल्या ओकने मढवलेला होता. वेल, वेलीवर माकडं, डाळिंबं, मोर, आणि खालच्या पट्टीवर कापसाचे गठ्ठे वाहणाऱ्या हत्तींची रांग. होल्डन नावाच्या कुणा इंग्रज व्यापाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वी स्टुटगार्टच्या या चढावर बंगला बांधला होता. मुंबई बंदरातून कापूस आणि नीळ उचलून तो गबर झाला, बायकोला छातीचा आजार, म्हणून इथल्या झऱ्यांच्या पाण्यासाठी येऊन राहिला. आणि ज्या मुलखाने आपल्याला पैसा दिला तो मुलूख त्याने जेवता जेवता बघायला भिंतीवर कोरून घेतला. कोरणारे सुतार इथलेच, श्वाबेन भागातले. त्यांनी हत्ती कधी पाहिला नसावा. सगळ्या हत्तींचे डोळे गायीचे होते.

आता बंगल्याचे फ्लॅट झाले होते. घर बघायला आले तेव्हा हृषिकेश या भिंतीसमोर फोटो काढत राहिला होता. त्सुफेनहाउझेनच्या त्याच्या ऑफिसात तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता. “ज्याने आपला कापूस नेला त्याच्या हॉलमध्ये आपण पोहे खातो,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि पाहुणे हसायचे.

तो दारात आला तेव्हा शमिका शेकोटीच्या चिमणीच्या कठड्यापर्यंत पोचली होती.

“हे काय चाललंय?”

“दिसतंय ना.”

“अगं, डेंकमालशुट्झ आहे, संरक्षित वास्तू. घरमालक आपल्याला बाहेर काढेल. या लाकडाला चिकटपट्टी चालत नाही.”

“पोरीच्या रक्तात शिसं आहे,” शमिका खाली न बघता म्हणाली. “ते चालतं?”

लॅपटॉपची बॅग खांद्यावरून काढायचंही त्याला सुचलं नाही.

आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोन केला होता. वल्लरी फिकट पडली होती, जेवत नव्हती, पोट धरून बसायची, चार पावलं चालून मट्कन खाली बसायची. दात येताहेत, हवा बदलली, नजर लागली, असं सगळ्यांनी सगळं म्हणून झालं होतं. एकटी शमिका मागे लागली होती. डॉक्टरीणबाईंनी घर कुठलं, किती जुनं, असं विचारलं आणि रक्त पाठवलं. आकडा ऐकून शमिकाने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. पलीकडून बाई हळूहळू सांगत होत्या, घाबरू नका, वेळेत कळलंय, पण आधी ते कुठून येतंय ते शोधा, आणि त्याच्यापासून मुलीला तोडा.

घरमालकाला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, हे बघा, त्या खोलीत पाच पिढ्या जेवल्या, कुणी मेलं नाही. शमिकाला जर्मन येत होतं, पण भांडण्याइतकं नाही. ती नुसतंच “मेलं नाही म्हणजे झालं?” असं मराठीत ओरडली होती आणि फोन ठेवला होता. तो संताप अजून हातात होता. चिकटपट्टी टराटरा फाटत होती.

आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. अहिल्याबाईंचा तीन महिन्यांचा व्हिसा संपत आला होता, परवाचं विमान होतं. हातात घडी घातलेलं लुगडं होतं, ते तसंच धरून त्या चिमणीपाशी उभ्या राहिल्या.

चिमणीच्या वर कोनाडा होता, आणि कोनाड्यात तो. सगळ्या खोलीत रंगवलेलं एवढं एकच काम. वीतभर उंचीचा, मांडी घातलेला, सोंड चुकून सरळ खाली आलेली, अंग लालबुंद. श्वाबेनच्या सुताराला मोदक कोण सांगणार? त्याने आपल्या डोंगरावर जे पिकतं तेच हातात दिलं होतं. द्राक्षांचा घड. आल्या दिवशी अहिल्याबाई त्याला बघून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, “द्राक्षं खातोय. नाशिककडचा दिसतोय.” आणि त्या दिवसापासून त्याला एक फूल आणि कुंकवाचं बोट मिळू लागलं. शमिका सकाळी भाषेच्या वर्गाला जायची तेव्हा आजी-नातीचं काय चालायचं ते तिने कधी विचारलं नव्हतं. वल्लरीला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळाली नव्हती, आजी होती म्हणून वर्ग होत होता.

“याला झाकू नकोस,” अहिल्याबाई म्हणाल्या.

“आई, सगळंच झाकायचंय.”

“देव आहे तो. प्लास्टिकमध्ये गुंडाळतेस त्याला?”

“अहो, तो देव नाही. कुणा व्यापाऱ्याची हौस आहे. जशी ती माकडं, तसाच तो.”

“इतक्या वर्षांत इथे कुणी त्याला पाण्याचा थेंब दिला नाही. उपाशी होता. आता त्याचा श्वास कोंडतेस.”

शमिका खुर्चीवरून उतरली. अहिल्याबाईंच्या नजरेला नजर देत तिने विचारलं, आणि तिला स्वतःलाच आपला आवाज अनोळखी वाटला.

“मी वर्गाला गेले की तुम्ही वल्लरीला या खोलीत खेळायला सोडत होतात. ती या लाकडाला तोंड लावायची. तुम्ही बघत नव्हतात. झोपायचात का?”

“आईशी असं बोलू नकोस,” हृषिकेश म्हणाला.

“मग कुणाशी बोलू? त्या घरमालकाशी बोलले. भिंतीशी बोलू?”

अहिल्याबाईंनी लुगडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ते घेताना घडी सुटून खाली पडली. अलीकडे त्यांच्या हातातून वस्तू पडायच्या. चहाचा कप पडला होता, लाटणं पडलं होतं. पोटही दुखायचं, रात्रीचं जेवण त्या नको म्हणायच्या. साठी उलटली की चालायचंच, असं हृषिकेश म्हणाला होता.

“पोरीवरून माझी नजर हलली नाही कधी,” त्या म्हणाल्या. “आणि देवाच्या तीर्थाशिवाय तुला न विचारता मी तिच्या तोंडात काही घातलं नाही. घास भरवतानाही तुझी परवानगी घेतली. नातीला भरवायला परवानगी. ती पण घेतली.”

शमिकाला त्या वाक्यातला टोमणा तेवढा ऐकू आला. ती परत खुर्चीवर चढली आणि कोनाड्यावर कागद ताणून चारही बाजूंनी पट्टी मारली. आतला लाल रंग दुधी कागदाआडून धूसर दिसत राहिला, मग तिने दुसरा थर लावला तेव्हा दिसेनासा झाला.

अहिल्याबाई गेल्या. विमानतळावर शमिका गेली नाही. वल्लरीला बरं नाही, हे कारण खरंच होतं. जाताना त्यांनी नातीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली, सुनेला “येते” म्हणाल्या, आणि त्यानंतर सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. फोन यायचा तो हृषिकेशला. तो फोन घेऊन बाल्कनीत जायचा आणि दार ओढून घ्यायचा.

शमिकाने रोज तीनदा फरशी पुसली. खेळणी धुतली, पडदे धुतले, वल्लरीची नखं मुळापासून कापली. दिवाणखान्याला कुलूप घातलं. दुसऱ्यांदा रक्त तपासलं तेव्हा आकडा उतरला होता. चांगलाच उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. शमिका ट्रामच्या थांब्यावर बसून रडली, आणि डोळे पुसल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की सासूबाई गेल्या आणि पोरगी सुधारली. हे तिने हृषिकेशला बोलूनही दाखवलं. तो जेवत होता. त्याने पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

“आईचा हात दुखतोय म्हणे,” तो म्हणाला. “पळी धरवत नाही.”

“डॉक्टरकडे जा म्हणावं,” शमिका वल्लरीचा घास कालवत म्हणाली.

आरोग्य खात्याने शेवटी घरमालकाला पत्र लिहिलं, म्हणून एका सकाळी तपासणीसाठी बाई आली. उंच, तरुण, पाठीला पिशवी, हातात पिस्तुलासारखं यंत्र. ते भिंतीला टेकवलं की आत काय काय धातू आहेत ते सांगतं. फ्राऊ एबर्लेही जिना उतरून दारात येऊन उभ्या राहिल्या. प्लास्टिकने मढवलेल्या भिंती बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. हृषिकेशने त्या दिवशी सुट्टी घेतली होती. शमिकाने कागद एकेक करून फाडला. आज तिला न्याय मिळणार होता. घरमालकाला काय काय सुनवायचं ती वाक्यं तिने जर्मनमध्ये पाठ करून ठेवली होती.

बाईने माकडांना यंत्र लावलं, मोरांना लावलं, हत्तींच्या रांगेला लावलं. पडद्यावर बघून मान हलवत राहिली.

“इथे काही नाही,” ती म्हणाली. “हे नुसतं ओक आहे. मेण आणि जवसाचं तेल. रंगच नाही.”

“नळ?”

“नळाचं पाणी मघाशी घेतलंय, ते प्रयोगशाळेत जाईल. पण पाइप नवे आहेत. मला शंका नाही.”

“नीट बघा,” शमिका म्हणाली. “परत बघा.”

बाईने परत बघितलं. मग चिमणीवरच्या कोनाड्यावरचा दुहेरी कागद राहिला होता तो शमिकाने ओढला, आणि ओढता ओढता थांबली.

कोनाडा रिकामा होता. खाली लाकडी खुंटी होती, तिच्याभोवती बारीक लाल भुकटीचं एक कडं. बाईने यंत्र टेकवलं. या वेळी तिने मान हलवली नाही. यंत्र उचललं, पुसलं, पुन्हा टेकवलं.

“इथे काय होतं?”

“एक छोटी मूर्ती,” फ्राऊ एबर्ले दारातूनच म्हणाल्या. “तो लाल हत्ती. कुठे गेला?”

“हे मेनिगे आहे,” बाई म्हणाली. “शिशाचा लाल रंग. पूर्वी लोखंडी पुलांना द्यायचे. सुका असताना नुसता बसून असतो. पण ओला झाला, घासला गेला, त्यात काही आंबट पडलं, की सुटतो.” मग तिने जरा विचार करून विचारलं, “मुलगी त्याच्यापर्यंत पोचत होती का? फार उंच आहे.”

“नाही,” शमिका म्हणाली. “तिचा हातही लागला नाही कधी.”

बाईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण फिरवल्याचा आवाज झाला तशी फाटकापाशी उभी असलेली वल्लरी आनंदाने चीत्कारली. हृषिकेशने तिला उचलून आत आणलं, तशी ती त्याच्या हातातून घसरून खाली उतरली, दुडुदुडु चालत त्या परक्या बाईसमोर गेली आणि उजवा तळहात पुढे केला. बोटं जुळवून, अंगठा आत घेऊन, मध्ये खळगा करून. डावा हात उजव्याखाली.

बाईला हसू आलं. तिने हृषिकेशकडे बघितलं, त्याने मान डोलावल्यावर तळहातात दोन थेंब टाकले. वल्लरीने ते ओठांना लावून चट्कन ओढून घेतले. मग ओला हात केसांवरून मागे पुसला, कोनाड्याकडे बघून दोन्ही हात जोडले, आणि परत हात पुढे केला.

“झ्यूस,” बाई म्हणाली. किती गोड.

शमिका वल्लरीच्या त्या हाताकडे बघत होती. हे तिने शिकवलं नव्हतं. एका दिवसात हे येत नाही. दोन दिवसांतही येत नाही. रोज सकाळी, आंघोळ झाली की, कुणीतरी ताम्हनात त्याला बसवलं असणार, पाणी घातलं असणार. नुसतं पाणी नाही. इथलं दही किती घट्ट, असं त्या आल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या. मधाची बाटली इतक्या लवकर कशी संपली, असं तिने एकदा विचारलं होतं. आणि एकदा वर्ग लवकर सुटला तेव्हा ओट्यावर वाटीत गुलाबीसर दूध दिसलं होतं. कुंकू सांडलं असेल म्हणून तिने ते ओतून दिलं होतं आणि वाटी घासून टाकली होती.

“शेंदूर,” ती मराठीत म्हणाली. कुणाला काही कळलं नाही.

मग ती फ्राऊ एबर्लेंकडे वळली. जर्मन शब्द एकामागून एक आपोआप येऊ लागले.

“ओलं करू नका म्हणालात तुम्ही. का, ते का नाही सांगितलं?”

म्हातारीने चष्मा काढला. “मला माहीत नव्हतं. आमच्या आईने आम्हाला तसं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं. तिलाही कुणी कारण सांगितलं नसेल.” आणि हलकेच म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत.”

शमिका वळली. ती हृषिकेशकडे बघत होती. तो कोनाड्याकडे बघत नव्हता. ज्या माणसाने गेली काही मिनिटं “मूर्ती कुठे गेली” असं एकदाही विचारलं नव्हतं, त्याच्याकडे ती बघत होती.

“तू दिलीस.”

“ती रडत होती, शमिका. म्हणाली, याला इथे कोंडून मी जाणार नाही. घरमालकाला काय कळणार होतं? कागदाखालीच तर होती.”

“बॅगेत तू भरलीस.”

“टॉवेलमध्ये गुंडाळून.” मग त्याला जणू आपल्याच वाक्याचा अर्थ लागला. तो खाली बसला, भिंतीला पाठ लावून, हत्तींच्या रांगेला टेकून. “रोज करते ती,” तो म्हणाला. “रोज पंचामृत. फोनवर सांगते ना. म्हणते, गल्लीत नाव झालंय, जर्मनीहून आलेला गणपती. संध्याकाळी पोरं येतात.”

“तीर्थ आधी कोण घेतं?”

दोघांनाही माहीत होतं. देवाचं झालं की आधी आपण एक पळी घ्यायची, मग दुसऱ्याला द्यायची. आणि उरलेलं टाकायचं नसतं, तेही आपणच संपवायचं. वल्लरीच्या तळहातात मावत होते दोन थेंब. ताम्हनातलं बाकीचं सगळं तीन महिने एकट्या आजीच्या पोटात जात होतं, आणि घरातली शहाणीसुरती माणसं म्हणत होती की साठी उलटली की चालायचंच.

आकडा वल्लरीचा काढला होता. आजीचा काढावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शमिकाच्या तर नाहीच.

हृषिकेशने फोन लावला. बंद होता. शमिकाने आपल्या फोनवरून लावला, तिचा नंबर दिसल्यावर तो उचललाही गेला नसता, पण बंदच होता. कालपासून बंद आहे, हृषिकेश म्हणाला, त्याला वाटलं चार्ज करायची विसरली असेल. कराडला आईच्या खालच्या मजल्यावर राहणारे देवदत्तकाका मुलीकडे बंगळूरला गेले होते. नागपूरची नीताताई, हृषिकेशची बहीण, गाडीत बसली तरी उद्या पोचणार. तपासणीची बाई यंत्र पिशवीत ठेवता ठेवता दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काहीतरी घडलंय एवढं तिला कळलं होतं. वल्लरी अजून तिच्यासमोर हात पसरून उभी होती.

शमिकाने तिला उचलून कडेवर घेतलं, तो पसरलेला हात आपल्या मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने फोनवर लिहायला लागली. पहिल्यांदा स्टुटगार्टच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, मग पुण्याच्या मैत्रिणींच्या, मग जिथे जिथे मराठी वाचणारं कुणी असेल तिथे.

कराडमध्ये तुमचं कुणी आहे का? असेल तर कृपया आत्ता जा, किंवा पाठवा. सोमवार पेठ, पिठाच्या जुन्या गिरणीसमोरची दुमजली इमारत, वरचा मजला. दारावर अहिल्या खासनीस अशी पाटी आहे. बेल चालत नाही, कडी वाजवा, त्यांना उठायला वेळ लागेल. त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगा आणि मनगटं सरळ राहतात का बघा, शिशाने ती खाली लोंबतात. पोट दुखतं का विचारा, नाही म्हणतील, परत विचारा. डॉक्टरकडे नेलंत तर रक्तातलं शिसं तपासा असं सांगा. देवघरात द्राक्षं हातात घेतलेला लाल गणपती आहे. त्याला हात लावू नका, संध्याकाळी येणाऱ्या पोरांना तिथलं काही घेऊ देऊ नका. त्या तुम्हालाही तीर्थ देतील. घेऊ नका, पण रागावू नका त्यांच्यावर. आणि सुनेने पाठवलंय असं म्हणू नका, दार लावून घेतील. वल्लरीने पाठवलंय म्हणा.